हजेरीतलं पाचवं नाव

माणसांचं एकमेकांशी पटायला लागलं की किस्से संपतात. आमच्याकडे ती भीती नाही! सिंदेवाहीत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी चार वाजता बायबल स्टडी भरते, आणि गेली नऊ वर्षं तिथे दोन माणसं एकाच प्रश्नावर भांडताहेत. खोली माझी, चहा माझा, डोकंही माझंच दुखतं. मी चौतीस वर्षं नर्स होते. वॉर्डातल्या गोष्टी आता आठवाव्या लागतात, पण गुरुवारच्या गोष्टी विसरायच्या म्हटल्या तरी विसरत नाहीत. उन्हाळ्यात परसात सरपण साठतं तशा साठल्यात.

भांडणारे दोघे कोण, ते आधी सांगते. एक दानियल सर. हेडमास्तर होते, पंच्याहत्तरी गाठली, पण अजून वाक्य खडूने लिहिल्यासारखं बोलतात. दुसरे योहानभाऊ. भाताच्या फार्मवर बियाणं तपासायच्या कामावर होते, तेही रिटायर. चाळीस वर्षांची दोस्ती आहे.

आणि भांडण काय? सर म्हणतात, विश्वास ठेवण्याआधी माणूस आत्म्याने मेलेला असतो. मेलेल्याला काही ऐकू येत नाही, काही निवडता येत नाही. देव ज्याला निवडतो त्याला आधी जिवंत करतो, मग तो विश्वास ठेवतो. योहानभाऊ म्हणतात, देव सगळ्यांना हाक मारतो, ओ द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात. एवढंच. ऐकायला बारीक वाटतं, पण या एवढ्यावरून आमच्याकडे दोन बश्या फुटल्यात.

* * *

पहिल्याच गुरुवारी सर बगलेत शाळेचं जुनं हजेरीचं रजिस्टर घेऊन आले.

"बायबल स्टडीत हजेरी?" मी म्हणाले. "सर, आपण सगळे मिळून सहा जण!"

"शाळा सहा जणांची असली तरी शाळाच असते, सिस्टर."

रजिस्टर भरायचं काम माझ्याकडे आलं. सर नाव घेणार, मी खूण करणार. एक योहानभाऊ. दोन त्यांची बायको सुमनबाई. तीन आणि चार म्हणजे लीलाबाई आणि कमलबाई, या म्हाताऱ्या बहिणी फक्त गाण्याला तोंड उघडतात. सहावी मी.

आणि पाचवं नाव सरांनी घेतलं ते हे.

"प्रकाश दानियल."

प्रकाश सरांचा एकुलता एक मुलगा. आता चाळिशीचा, मूल गावाच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. त्याने चर्चचा उंबरठा ओलांडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. स्टडीला येणार नाही हे सरांनाही माहीत होतं, आम्हालाही. सर नाव घेऊन थांबले. आम्ही नर्स लोक नाडी पंधरा सेकंद मोजतो आणि चारने गुणतो. सवयीने मी मनात मोजायला लागले. बरोबर पंधरा झाले आणि सर म्हणाले, "गैरहजर."

मी रकान्यात 'ग' लिहिला. तेव्हापासून दर गुरुवारी एक 'ग' लिहितेय.

पुढे काचबिंदूने सरांचे डोळे गेल्यासारखेच झाले, तसा प्रकाशच त्यांना मोटरसायकलवर आणून सोडायला लागला. आत येत नाही. समोरच्या कडुनिंबाखाली गाडी स्टँडला लावतो आणि मोबाइल बघत बसतो. खिडकीपासून दहा पावलं. सर आत नाव घेतात, तो बाहेर बसलेला असतो, आणि मी पंधरा मोजते. रजिस्टर आता सरांना दिसत नाही, पण नावं तोंडपाठ आहेत. खरं सांगते, त्या पंधरा सेकंदांत कोणी खोकलं तरी मला राग येतो.

* * *

प्रकाश असा का झाला, ते मला जवळून माहीत आहे, कारण त्या वेळी वॉर्डात ड्यूटी माझी होती.

सरांची बायको रूथबाई तापाने आजारी पडली. प्रकाश बावीस वर्षांचा असेल. तीन दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर उपाशी बसून प्रार्थना केली त्याने. मी दोनदा बिस्किटं नेऊन दिली, दोन्ही वेळा परत केली. चौथ्या दिवशी सकाळी रूथबाई गेली.

मातीला सगळी मंडळी जमली होती. सर उभे राहिले आणि डोळ्यांत पाणी न आणता म्हणाले, "देवाने तिला जगाच्या आधीपासून निवडलं होतं. तिची काळजी नको."

लोकांना फार धीर आला. मलाही आला. तेवढ्यात मागून प्रकाशचा आवाज.

"अन् मी तीन दिवस बोंबलून राह्यलो होतो, त्याचं काय? त्यानं मले इचारलं नाई. आता मी त्याले इचारत नाई."

तिथून तो जो गेला तो गेला. बापाशी बोलणं बंद नाही केलं. जेवू घालतो, औषध आणतो, मोटरसायकलवर बसवताना पाय उचलून फूटरेस्टवर ठेवतो. फक्त या एका विषयावर दोघांत शब्द नाही. अठरा वर्षं झाली.

* * *

आता सरांचा मुद्दा माझ्यावर कसा शेकला, ते ऐका.

एकदा वाद फार तापला. सर गर्रकन माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये होता. सांगा याला. मेलेला माणूस उठून दाराची कडी काढू शकतो का?"

"नाही सर."

"ऐक योहान! स्वतःला जिवंत कर असं त्याला म्हणता येतं का?"

"नाही सर. पण…"

"पण काय?"

"पण मेलाय की नाही, हे आम्ही नर्स लोक ठरवत नाही. डॉक्टरला बोलावतो."

योहानभाऊंनी मांडीवर अशी थाप मारली की लीलाबाई दचकून जाग्या झाल्या! सर हसले नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांना खिडकी दिसत नाही, पण ती कुठे आहे ते माहीत आहे.

* * *

योहानभाऊ हार मानणारे नाहीत. पुढच्या गुरुवारी पिशवीतून स्टीलचं भगुणं, मीठ आणि मूठभर धान घेऊन आले.

आमच्या भागात पेरणीच्या आधी धान मिठाच्या पाण्यात टाकतात. भरलेलं बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं. तरंगलेलं काढून टाकायचं, बुडालेलं पेरायचं. फार्मवर योहानभाऊंनी जन्मभर हेच केलं.

"पाहा सर," ते म्हणाले, मग सरांना दिसत नाही हे लक्षात आलं. "म्हंजे आयका. पानी सगळ्याइले एकच. मीठ सगळ्याइले एकच. देवानं कोनाले वेगळं पानी नाई देल्लं. ज्याच्यात दम हाये तो बसला, नाई तो तरंगला. पान्याचा काई दोष?"

सरांनी शांतपणे विचारलं, "बी भरलं कधी? पाण्यात पडल्यावर, की लोंबीत असताना?"

"लोंबीत."

"म्हणजे पाण्यात टाकायच्या आधीच ठरलेलं होतं."

योहानभाऊ भगुण्याकडे बघतच राहिले. स्वतःच्या घरून आणलेल्या भगुण्यात माणूस असा बुडालेला मी पहिल्यांदा पाहिला!

पण चिडून त्यांनी एक केलं. वर तरंगलेलं बी फेकलं नाही. एकोणीस दाणे होते. बशीत ओला कपडा घातला, त्यात दाणे गुंडाळले आणि बशी माझ्या व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. "पुढच्या गुरुवारी पाहू," म्हणाले.

आता त्या आठवड्यात मी चार दिवस मूलला लेकीकडे होते. कपडा वाळून कडक झाला असेल, अशा समजुतीने परत आले तर चांगला ओला. मला वाटलं, योहानभाऊ येऊन पाणी शिंपडून गेले. गुरुवारी योहानभाऊ मला म्हणतात, "बरं झालं सिस्टरबाई, तुम्ही पानी देल्लं!"

कपडा उलगडला. पोचट म्हणून बाजूला काढलेल्या एकोणिसातल्या चार दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते.

योहानभाऊंचा आवाज चढला. "सर, हात लावून पाहा! तुमचे मेलेले!"

सरांनी बोटाने एक एक कोंब चाचपला. अगदी हळू. मग म्हणाले, "तुझं मिठाचं पाणी चुकलं, योहान. निवड चुकली नाही."

दोघं तासभर भांडले. स्टडी सुटल्यावर मी बशी आत न्यायला बाहेर आले. प्रकाश गाडीला किक मारत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टरबाई, आजून दोन निंगतीन. कपडा वाळू देऊ नका."

मी आत जाऊन कोणाला काही बोलले नाही. मी बोलायची राहते असं फार कमी वेळा होतं.

* * *

भांडणाला सर्वांत जास्त कंटाळल्या त्या सुमनबाई. घरी पण तेच, गुरुवारी पण तेच. शेवटी त्यांनी चंद्रपूरहून एका तरुण पाळकसाहेबांना बोलावलं, समेट करायला.

साहेब गोड बोलणारे. म्हणाले, "भाऊ, सर, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वैनगंगेला दोन काठ आहेत, पण नदी एकच ना!"

लीलाबाई, कमलबाईंनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, चला, मिटलं.

योहानभाऊ म्हणाले, "साहेब, नदी एक हाये हे आमाले बी मालूम हाये. मानूस बुडून राह्यला तर तो हात मारन का देव काढन, ते सांगा."

सर म्हणाले, "बुडत असलेला नाही. बुडालेला."

"बुडून राह्यलेला!"

"बुडालेला!"

दोघांनी मिळून पाळकसाहेबांना असं धरलं की ते पाच वाजताची बस पकडायला साडेचारलाच निघाले. चहा तसाच राहिला. त्या दिवशी शेवटची प्रार्थना सुमनबाईंनी केली. डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून: "प्रभू, तू या दोघांना निवडलं असशील, तर काऊन निवडलं, ते एकदा आमाले सांग."

आमेन मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं!

* * *

वाघाची गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याकडची कोणतीही गोष्ट पुरी होत नाही, तेव्हा ती पण ऐका.

मूलला एका लग्नाला आम्ही सगळे निघालो. प्रकाशची जीप, प्रकाशच गाडी चालवत होता. सर पुढे त्याच्या शेजारी, आम्ही मागे. लग्नाला येणार, पण चर्चच्या बाहेर गाडीत बसून राहणार, हे त्याने निघतानाच सांगितलं होतं.

जंगलाच्या पट्ट्यात वळणावर गाडी थांबली. इंजिन पण बंद केलं. मी वाकून बघितलं, तर रस्त्याच्या मधोमध, वीस पावलांवर, तो बसलेला. उठायची काही घाई नाही.

सरांना दिसत नव्हतं. "काय झालं? गाडी का थांबली?"

"वाघ हाये बाबा. हलू नका."

कमलबाईंनी माझा दंड धरला, त्याचे वळ दोन दिवस राहिले. सर मात्र वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "घाबरू नका. आपल्या प्रत्येकाचा दिवस ठरलेला आहे. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही."

मागून योहानभाऊ कुजबुजले, "दिवस ठरला असन सर, पन काच वर करा!"

सरांचा हात हलला. मला वाटलं, आपल्या बाजूची काच वर करताहेत. नाही. हात प्रकाशच्या छातीवरून पलीकडे गेला, त्याच्या बाजूच्या काचेचं हँडल चाचपडत.  सरांच्या बाजूची काच अर्धी उघडी होती, ती तशीच.

"बंद हाये बाबा," प्रकाश म्हणाला. "माह्या साइडची बंद हाये."

सरांनी हात मागे घेतला नाही. वाघ उठून, आळस देऊन, झाडीत जाईपर्यंत तो हात प्रकाशच्या छातीवर आडवा होता. प्रकाशने पण काढला नाही. गाडी सुरू झाल्यावर काढला.

त्यानंतर मूलपर्यंत निवडीवर कोणी बोललं नाही. आमच्या इतिहासात एवढा वेळ शांतता पहिल्यांदाच!

* * *

मग आला तो वाईट गुरुवार.

धानाच्या रोवणीचे दिवस. सगळं गाव शेतातल्या बांध्यांमध्ये, रस्त्यावर चिटपाखरू नाही, त्यामुळे बोललेलं दूरवर ऐकू जात होतं. हजेरी झाली होती, पंधरा सेकंद झाले होते, 'ग' लिहून झाला होता. सर बायबलमधल्या पौलाच्या पत्रातून शिकवत होते. म्हणाले, "मेलेल्याला कान नसतात. त्याने ऐकलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. आणि तुमच्या आवाजाने तो ऐकेल, अशी आशाही धरू नका. ते काम फक्त देवाचं."

योहानभाऊ सकाळपासून कशावरून तरी कावलेले होते. ते एकदम उठून उभे राहिले.

"मंग दर गुरुवारी त्याले हाक काऊन मारता? आँ? मेल्याले कान नसते ना? मंग कोनाले आयकवून राह्यले तुमी? मेला हाये तं मेला म्हना, अन् नाव काटा!"

खिडकी उघडी होती. बाहेर कडुनिंबाखाली प्रकाश होता.

सुमनबाईंनी तोंडावर हात ठेवला. मी खिडकीकडे बघायची हिंमत केली नाही. सरांनी चाचपडत हात पुढे केला, माझ्या मांडीवरचं रजिस्टर शोधलं आणि मिटलं.  

मला इतका राग आला की आवाज फाटला. "योहानभाऊ, चहा ठेवा खाली आणि घरी जा."

ते गेले. चप्पल उलटी घालून गेले. थोड्या वेळाने प्रकाश फाटकापर्यंत आला, नेहमीसारखी हाक मारली, "बाबा, चला." सरांना बसवलं, पाय उचलून फूटरेस्टवर ठेवला. तोंडावर काही नाही. मला वाटलं, संपलं. आमची स्टडी संपली, आणि दुसरंही जे काही होतं तेही संपलं.

* * *

सरांच्या डोळ्यांत ड्रॉप टाकायला सकाळी मी जाते. प्रकाशचे हात ग्रीसचे, आणि तसंही सरांना त्याच्यासमोर डोळे मिटून पडून राहायला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी गेले. प्रकाश गॅरेजवर गेलेला. ड्रॉप टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात. सर मिटल्या डोळ्यांनी बोलायला लागले.

"सिस्टर, योहानचं खरं धरू. म्हणजे सगळं प्रकाशच्या हातात आहे. बरोबर?"

"हो."

"प्रकाश हट्टी आहे. माझ्यासारखा. त्याच्या हातात असेल तर तो कधी येणार नाही. मी त्याला ओळखतो, मीच वाढवलाय. त्याच्या हातात असेल, तर माझा मुलगा गेला, सिस्टर. आजच गेला." ते थांबले. "पण देवाच्या हातात असेल, तर अजून काही सांगता येत नाही."

मी ड्रॉपच्या बाटलीचं झाकण लावत होते, ते लागेना.

"लोकांना वाटतं, मी कठोर आहे. मी भांडतो, कारण मला दुसरी आशाच नाही."

नऊ वर्षं मी या माणसाचं बोलणं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काय दगड आहे! मला माझीच लाज वाटली. तसं मी त्यांना सांगितलंही. ते ऐकून हसले थोडे.

"पण योहान एक बरोबर बोलला. मी तोंडाने म्हणतो, देव बोलावेल. आणि दर गुरुवारी स्वतःच ओरडतो. माझा विश्वास कमी पडला. आता मी हाक मारणार नाही."

"सर, असं करू नका."

"ज्याचं काम त्याने करावं," सर म्हणाले. त्या दिवशी पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी डोळे उघडले नाहीत.

* * *

त्याच संध्याकाळी योहानभाऊ माझ्या मागच्या दारी. पुढच्या दाराने यायची लाज वाटली असणार. आत या म्हटलं तरी येईनात.

"सिस्टरबाई, माह्याकडून पाप झालं. सरांले म्हना, मी हारलो. आपुन मेलेलेच व्हतो म्हना. पायजे तं लिहून देतो. पन माह्या बोलन्यानं हाक बंद नोका करू म्हना."

"ते ऐकायचे नाहीत. हाक मारायची नाही, असं सकाळीच त्यांचं ठरलंय."

योहानभाऊ चौकट धरून उभे राहिले. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांचे मुद्दे इतके घासले होते की आता ते मुद्द्यांची अदलाबदल करून बसले होते. हाक मारायची नाही असं हाक मारणारा म्हणत होता!

"सरानं नाई मारली तं मी मारन," योहानभाऊ म्हणाले. "मले काय, मी गावढळ मानूस. माह्या विश्वासाचं काय बिघडनार हाये?"

आणि गेले. या वेळी चप्पल सरळ होती.

* * *

माझ्या रजिस्टरमध्ये एकच रकाना कोरा आहे. नऊ वर्षांत एकच. तो का कोरा राहिला, ते सांगते.

पुढचा गुरुवार. कोण येईल, कोण नाही, असं सगळ्यांबद्दलच वाटत होतं, पण सहा नावांमधले नेहमीचे पाच आले. प्रकाशने सरांना उंबरठ्यापर्यंत आणून सोडलं, माझ्या हातात त्यांचा हात दिला आणि कडुनिंबाखाली जाऊन बसला. मोबाइल काढला. योहानभाऊ मुद्दाम खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर, मुठी वळलेल्या.

सरांनी घसा साफ केला.

"योहान."

"हजर."

"सुमन."

"हजर."

"लीलाबाई." हजर. "कमलबाई." हजर.

मी पेन पाचव्या रकान्यावर टेकवलं. सरांनी एक श्वास घेतला. तोंड खिडकीकडे होतं, ते वळवून माझ्याकडे केलं.

"सिस्टर."

एवढंच. मला फक्त 'हजर' म्हणायचं होतं. चौतीस वर्षं मी कुठल्याही वेळी, कोणत्याही हाकेला ओ दिली. त्या दिवशी आवाजच निघेना. सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. सर थांबले होते. आणि सवयीने माझ्या मनात मोजणं सुरू झालं. एक. दोन. तीन.

योहानभाऊ खुर्चीवरून अर्धे उठले. खिडकीकडे वळले. हाक मारायला तोंड उघडलं.

सहा. सात.

बाहेर फाटकाची कडी वाजली. मग व्हरांड्यात दोन चपला काढल्याचा आवाज, एक आणि मग दुसरी. नऊ मोजलं तेव्हा दारातला उजेड अडला. योहानभाऊंचं तोंड तसंच उघडं राहिलं.

प्रकाश उंबरठ्यावर उभा होता. अनवाणी. मोबाइल हातात तसाच चालू. आमच्यातल्या कोणाकडे त्याने बघितलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "माह्यं नाव राह्यलं."